सेव्हचं बटण गेलं कुठं?

प्रश्न : नमस्कार ताई, मी वकिलांच्या ऑफिसात ज्युनिअर आहे. आमच्या डीएमएसमध्ये, म्हणजे कागदपत्रं सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, केसेसचे सगळे कागद असतात, मुदतींची एक्सेल शीटपण तिथेच. आजवर ती डाउनलोड करायची, भरायची, परत चढवायची असं चालायचं. आता तिथल्या तिथे ब्राउझरमध्ये एडिट करता येतं, पण सेव्हचं बटणच नाही! सर म्हणाले कालचं व्हर्जन दाखव, तर ते सापडेना. परवा सहकारी म्हणाली फाइल तुझ्या नावाने लॉक आहे, आणि मी तर लॅपटॉप मिटून कधीच घरी पोचलेले. जुनीच पद्धत बरी होती का?

उत्तर : नाही गं, मागे जाऊ नकोस. डाउनलोड केलेल्या शीटमध्ये कोणी काय बदललं हे डीएमएसला कळत नाही, आणि पक्षकारांची माहिती लॅपटॉपवर पडून राहते ती वेगळीच. शिवाय तू सकाळी उतरवलेली शीट भरत बसतेस, दुपारी दुसऱ्याने त्याची चढवलेली असते, संध्याकाळी तू त्यावर तुझी चढवलीस की त्याने भरलेल्या तारखा गेल्या. हे मी स्वतः करून बसलेय, त्यामुळे पोटतिडकीने सांगतेय.

बटण नाही कारण ब्राउझरमधलं एक्सेल तू टाइप करशील तसं आपोआप सेव्ह करत जातं. सरांचं कोडंही इथेच सुटतं. बऱ्याच डीएमएसमध्ये हे बदल त्याच व्हर्जनवर बसत जातात, म्हणजे सकाळी व्हर्जन ३ उघडलंस, दिवसभर भरलंस तरी संध्याकाळी ते ३च, फक्त आतलं बदललेलं. म्हणून मोठा फेरफार करायच्या आधी नवीन व्हर्जन काढ, मगच हात लाव. आणि शीट समोरच्या वकिलांना गेली असेल तर ते व्हर्जन तसंच राहू दे, त्यात एक स्वल्पविरामही बदलायचा नाही.

लॉकचं म्हणशील तर दोन प्रकार असतात. ब्राउझरमधलं एक्सेल आणि डीएमएस एकमेकांशी वोपी नावाच्या प्रोटोकॉलने बोलतात, त्यातलं लॉक ३० मिनिटांचं असतं आणि फाइल उघडी असेपर्यंत वाढत जातं. तू टॅब बंद न करता लॅपटॉप मिटलास, ते मागे राहिलं, अर्ध्या तासाने आपोआप सुटलं असतं. चेक आउट, म्हणजे फाइल स्वतःच्या नावावर काढून घेणं, मात्र वेगळं, ते तू चेक इन करेपर्यंत, म्हणजे फाइल परत जमा करेपर्यंत, सुटत नाही.

प्रश्न : आमच्या फीच्या शीटमध्ये मॅक्रो आहेत, म्हणजे बटण दाबलं की आपोआप काम करणारे छोटे प्रोग्रॅम, ते चालतील का?

उत्तर : ब्राउझरमध्ये नाही चालणार. फाइल उघडेल, आकडे बदलता येतील, मॅक्रोही आत शाबूत राहतील, पण बटण दाबून काही होणार नाही. ती शीट चेक आउट करून डेस्कटॉपवरच उघडा.

प्रश्न : केस नंबर टाकला की कधी कधी तारीख होते, असं का?

उत्तर : हा माझा आवडता वैताग! १२/२०२३ टाइप केलंस की एक्सेलला वाटतं डिसेंबर २०२३, आणि गंमत म्हणजे १३/२०२३ मात्र नीट राहतो कारण तेरावा महिनाच नाही. त्यामुळे १ ते १२ नंबरच्याच केसेस बिघडतात आणि बाकीचा कॉलम ठीक दिसतो म्हणून कोणाच्या लक्षातही येत नाही. नंतर सेलचा फॉरमॅट टेक्स्ट करून उपयोग नाही, तिथे ४५२६१ असा आकडा येतो. कॉलम आधीच टेक्स्ट करून ठेव.

मुदतीच्या कॉलमचं याहून वाईट. ब्राउझरमधल्या एक्सेलची प्रादेशिक सेटिंग वेगळी असते, लॅपटॉपवर तारीख बरोबर लागली म्हणून इथेही लागेल असं नाही. ती सेटिंग अमेरिकन असेल तर ०३/०४ म्हणजे ४ मार्च, तुझ्या डोक्यात ३ एप्रिल. ओळखायचं कसं, तर १३/०४/२०२५ टाकून बघ. तारीख सेलमध्ये डावीकडे चिकटली तर ती एक्सेलला तारीख वाटलेलीच नाही, म्हणजे सेटिंग उलटी आहे. फाइल मेनूत ऑप्शन्समध्ये जाऊन बदल, आणि आधी भरलेल्या ओळी एकेक करून कागदाशी ताडून बघ, कारण सेटिंग बदलल्याने त्या आपोआप सुधारत नाहीत.