दाखल्यावरचे 30 टक्के नेमके कशाचे?

प्रश्न : माझे पती कोल्हापूरजवळच्या एका लहान मशीनशॉपमध्ये लेथवर (धातूचा तुकडा फिरवून घडवायच्या यंत्रावर) टर्नर होते. तिथे आठच कामगार असल्यामुळे ईएसआय (कर्मचारी राज्य विमा योजना) लागू नाही. फेब्रुवारी 2025 मध्ये त्यांचा उजवा हात चालू चकमध्ये (लेथच्या फिरत्या पकडीत) सापडला. हात वाचला, परंतु मनगटापाशी मज्जातंतू आणि टेंडन (स्नायू हाडाला जोडणारे तंतू) तुटल्यामुळे अंगठा व शेजारची दोन बोटे नीट मिटत नाहीत. त्यांचे वय तेव्हा 40 होते आणि पगार 18,000 रुपये. शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनी ‘उजव्या हाताचे 30 टक्के कायमस्वरूपी अपंगत्व’ असा एका ओळीचा दाखला दिला आहे. विमा कंपनी म्हणते की हे फक्त हाताचे टक्के असून शरीराचे 15 टक्केच धरता येतील. मालक म्हणतात की एकही बोट गेलेले नाही. हा दाखला पुरेसा आहे का? – एक वाचक, जि. कोल्हापूर

उत्तर : ताई, दाखला खरा आहे, परंतु पुरेसा नाही. आपल्या पतींचा अपघात सामाजिक सुरक्षा संहिता (जुन्या कामगार भरपाई कायद्याची जागा घेणारा नवा कायदा) 21 नोव्हेंबर 2025 रोजी लागू होण्यापूर्वीचा असल्यामुळे त्यांचा हक्क 1923 च्या कर्मचारी भरपाई कायद्याखाली येतो. भरपाईचे दायित्व अपघाताच्या दिवशीच निर्माण होते, हे सर्वोच्च न्यायालयाने 1975 साली प्रताप नारायण सिंह देव विरुद्ध श्रीनिवास साबाता या प्रकरणात स्पष्ट केलेले आहे. या कायद्याला हाताचे टक्के नको आहेत आणि शरीराचेही नको आहेत. कमाई करण्याची क्षमता कायमची किती कमी झाली, एवढेच तो विचारतो. डॉक्टर एक मोजतात, विमा कंपनी दुसरे मोजते आणि ज्याच्यावर भरपाई ठरायची ते कोणीच मोजलेले नाही, अशी आज आपली स्थिती आहे.

कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत काही दुखापतींचे टक्के ठरवून दिलेले आहेत : अंगठा गेल्यास 30, एका हाताची चार बोटे गेल्यास 50, संपूर्ण हात गेल्यास 60. आपल्या पतींचे बोट तुटलेले नाही म्हणून ते या यादीबाहेर आहेत, असे मालकांना वाटते. त्याच अनुसूचीच्या शेवटी असलेली टीप मात्र त्यांनी वाचलेली दिसत नाही. एखाद्या अवयवाचा वापर पूर्णपणे आणि कायमचा गेला असेल, तर तो अवयव गेल्यासारखाच धरावा, असे ती टीप सांगते. तेव्हा डॉक्टरांना पहिली गोष्ट हीच विचारा की अंगठ्याचा वापर पूर्णपणे गेला आहे की अंशतः उरला आहे. पूर्णपणे गेला असेल, तर तसे स्पष्ट शब्दांत लिहून घ्या. अंशतः उरला असेल, तर ही यादीबाहेरची दुखापत ठरते आणि अशा दुखापतीत कमाईक्षमतेची हानी पात्र वैद्यकीय व्यावसायिकाने अनुसूचीतील प्रमाणे लक्षात घेऊन ठरवावी, असे कलम 4 म्हणते. येथे कायद्याने डॉक्टरांवर मोठी जबाबदारी टाकलेली आहे आणि एका ओळीत ती पार पडत नाही.

यावर किती पैसे अवलंबून आहेत तेही पाहा. पगार 18,000 असला तरी हिशेबासाठी 15,000 ची मर्यादा आहे. कायद्याच्या सूत्राप्रमाणे त्याचे 60 टक्के म्हणजे 9,000 रुपये धरायचे. वयाच्या 40 व्या वर्षाचा कायद्यातील गुणक 184.17 आहे; 9,000 ला त्याने गुणून त्यावर हानीचे टक्के लावायचे. हानी 15 टक्के धरली तर सुमारे 2 लाख 48 हजार, 30 टक्के धरली तर 4 लाख 97 हजार आणि 60 टक्के ठरली तर 9 लाख 94 हजार रुपये होतात.

आता डॉक्टरांकडे जाताना काय न्यायचे ते सांगते. बहुतेक शल्यचिकित्सकांनी लेथ चालवणारा माणूस जवळून पाहिलेला नसतो. कामगार न्यायालयात एका डॉक्टरांना उलटतपासणीत ‘हा कामगार दिवसभर नेमके काय करत होता?’ असे विचारले गेले आणि ते गप्प राहिले, हे मी स्वतः पाहिले आहे. त्यांचा आकडा बरोबर होता, पण तो कशावरून काढला हे सांगता न आल्यामुळे तो टिकला नाही. म्हणून पतींच्या कामाचे वर्णन एका कागदावर लिहून न्या : चकची चावी जोर लावून फिरवावी लागते, जड जॉब (घडवायचा तुकडा) एका हाताने धरून दुसऱ्या हाताने बसवावा लागतो, व्हर्नियर (मोजमापाची सरकपट्टी) अंगठ्याने सरकवून माप घ्यावे लागते. मग डॉक्टरांना विनंती करा की पकडीची ताकद दोन्ही हातांची मोजून लिहावी, अंगठा व बोटे किती अंशांपर्यंत वाकतात ते लिहावे, मज्जातंतूच्या तपासणीचा अहवाल जोडावा, यापुढे सुधारणा संभवत नाही असे मत असल्यास ते कारणासह द्यावे, आणि या सर्वांमुळे टर्नरचे कोणते काम जमणार नाही व कोणते जमेल ते सांगून मगच कमाईक्षमतेच्या हानीचा आकडा द्यावा. ‘जमेल’ हा भागही लिहू द्या. जे काम जमते तेही जमत नाही असे लिहिलेला दाखला पहिल्याच प्रश्नात कोसळतो आणि त्याच्याबरोबर खरी दुखापतही संशयात सापडते.

वर उल्लेखिलेल्या 1975 च्या निकालातील कामगार सुतार होता. त्याचा डावा हात कोपराच्या वर कापावा लागला; एका हाताने सुतारकाम होत नाही म्हणून त्याचे अपंगत्व संपूर्ण मानले गेले. आपल्या वकिलांनी हा निकाल जरूर दाखवावा, मात्र त्याच्या आधारे थेट 100 टक्के मागावेत असे मला वाटत नाही, कारण आपल्या पतींचा हात काही अंशी चालतो.

दाखला उपचार करणाऱ्या डॉक्टरांचाच घ्या. राजकुमार विरुद्ध अजयकुमार या 2010 च्या मोटार अपघाताच्या प्रकरणात उपचार दिल्लीत झाले होते आणि दाखला उत्तर प्रदेशातील जिल्हा रुग्णालयाचा होता. त्यावर उच्च न्यायालयाने शंका घेतली होती. त्याच निकालात सर्वोच्च न्यायालयाने तयार मिळणाऱ्या दाखल्यांविषयी सावध केले आहे. डॉक्टर साक्षीला येतील का, हे आजच विचारा. दिव्यांगत्वाचे सरकारी प्रमाणपत्र सवलतींसाठी अवश्य काढा, पण त्यावरचे टक्के वेगळ्या निकषांवर काढलेले असतात. ते येथे कमाईक्षमतेच्या जागी चालत नाहीत.

मालकांनी त्यांच्या खर्चाने दुसऱ्या डॉक्टरांकडून तपासणी करायचे ठरवले, तर नकार देऊ नका. कलम 11 प्रमाणे नकारामुळे हक्क स्थगित होऊ शकतो. जाताना डिस्चार्ज कार्ड, एक्स-रे, शस्त्रक्रियेची नोंद आणि फिजिओथेरपीचे सर्व केसपेपर यांच्या प्रती न्या, मूळ कागद घरी ठेवा.

नवा दाखला मिळेपर्यंत भरपाईचा अर्ज थांबवू नका. मुदत अपघातापासून दोन वर्षांची आहे, म्हणजे फेब्रुवारी 2027 मध्ये ती संपते. अर्ज आधी दाखल करता येतो आणि डॉक्टरांचे सविस्तर मत नंतर पुराव्यात देता येते.