कट्ट वाजलं म्हणजे हाड बसलं का?

हरमलला ऑस्टिओपॅथचा बोर्ड बघितला. हा हाडांचा डॉक्टर की हाडवैद्य? (पेडणे)

दोन्ही नाही. हाडांचा डॉक्टर ऑपरेशन करतो, हाडवैद्य मोडलेलं बांधतो. ऑस्टिओपॅथ स्नायू-सांध्यांवर हाताने काम करतो. अँड्र्यू टेलर स्टिल या अमेरिकन डॉक्टरने 1874 मध्ये ही कल्पना मांडली आणि 1892 मध्ये मिझुरीत कॉलेज काढलं. आता गंमत बघा, अमेरिकेतला डीओ, म्हणजे तिथली ऑस्टिओपॅथीची पदवी घेतलेला, पूर्ण डॉक्टर असतो, गोळ्या देतो, सर्जरीपण करतो, आणि इंग्लंडातला ऑस्टिओपॅथ हे काहीच करत नाही पण 1993 च्या कायद्यामुळे रजिस्टर झाल्याशिवाय तिथे कोणाला ते नाव लावता येत नाही. म्हणून बोर्डावर जाऊ नका, कुठे आणि किती वर्षं शिकलात ते तोंडावर विचारा. चांगला असेल तर रागावणार नाही.

काजूच्या बिया वेचून कंबर धरलीय. ऑस्टिओपॅथकडे गेलं तर नेमकं काय करतात? (सत्तरी)

ताई, आधी भरपूर विचारतात. कधीपासून, रात्री झोप मोडते का, ताप, वजन, जुनी पडझड, गोळ्या कुठल्या. मग उभं करून वाकायला लावतात. माझ्याकडे अशाच एक बाई आल्या होत्या, त्यांना खाली पडलेलं पेन उचलायला सांगितलं तर गुडघे जराही वाकेनात, सगळा भार कंबरेवर! चार वर्षांपूर्वी गुडघा दुखावलेला, तो आखडलेलाच राहिला होता. मग कंबर नुसती चोळून काय होणार? गुडघा मोकळा केला, बसून वेचायला शिकवलं, घरी व्यायाम दिले. ब्रिटनमधल्या नाइस संस्थेची 2016 ची गाइडलाइनपण हेच सांगते, कंबरदुखीत हाताने करायचे उपचार व्यायामाच्या जोडीनेच करायचे. नुसतं झोपून दाबून घ्यायचं आणि दर आठवड्याला पैसे मोजायचे, याला माझा विरोध आहे.

मान मोडताना कट्ट वाजतं, तेव्हा हाड जागेवर बसतं ना? (म्हापसा)

निसटलेलंच नसतं हो, बसणार कुठून! सांध्यातल्या द्रवात गॅसची पोकळी होते, त्याचा तो आवाज. नाही वाजलं तरी चालतं. मानेला झटका दिल्यावर क्वचित रक्तवाहिनी फाटून स्ट्रोक आल्याच्या केसेस आहेत, तेव्हा मान नको असं बिनधास्त सांगा.

बाळ फार रडतं, ऑस्टिओपॅथ कवटीला हात लावून बरं करतात म्हणे? (मडगाव)

त्याला भक्कम पुरावा नाही. पिडियाट्रिशियनला दाखवा.

सासूबाई 74 वर्षांच्या. कंबर दुखतेच, कालपासून बसायची जागा बधिर आहे आणि लघवी झालेली कळत नाही. ऑस्टिओपॅथकडे नेऊ? (फोंडा)

नाही, अजिबात नको! मणक्याच्या तळाच्या नसा दबल्या असू शकतात, उशीर झाला तर लघवीवरचा ताबा कायमचा जातो. मसाज नाही, शेक नाही, सोमवारची वाट नाही. आत्ता 108 ला फोन करा आणि बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजच्या कॅज्युअल्टीत "लघवी कळत नाही" हे पहिलं सांगा, कंबरदुखी नंतर.