टीव्हीचा आवाज कुणी बंद केला?

«ताई, नमस्कार. मी अमळनेरला शिक्षक आहे. घरात बायको, दहावीतली मुलगी, सातवीतला मुलगा आणि 71 वर्षांची आई. वडील तीन वर्षांपूर्वी गेले. केबलला महिन्याला 350 रुपये जातात, म्हणजे वर्षाचे 4,200. वायफाय घेतल्यापासून आम्ही चौघं मोबाइलवर नाहीतर ॲपवरच बघतो. केबल फक्त आई बघते. तीही सकाळपासून रात्रीपर्यंत तेच गावातलं लोकल चॅनल, नाहीतर बातम्या. आवाज बंदच असतो, नुसती चित्रं हलतात. म्हणजे तिलाही त्यात फार रस नाही. बायको म्हणते, केबल काढली तर आई जरा घरात मिसळतील. सध्या आई माझ्याशी तेवढी बोलते, बायकोला नि मुलीला उत्तरच देत नाही. त्यावरून कुरबुरी होतात. मी विषय काढला तर आई लगेच ‘हो हो, काढ’ म्हणाली. पण सुरतच्या बहिणीला कळलं तर ती माझ्यावरच चिडली. आईचा एवढा एक विरंगुळाही सहन होत नाही का, म्हणाली. मी काही आईच्या वाईटावर नाही. केबल काढू की ठेवू? – एक मुलगा, अमळनेर»

भाऊ,

पत्र तीनदा वाचलं. 350 रुपयांचा हिशोब पहिल्याच वाचनात कळला, पण तिन्ही वेळा अडखळले ते एकाच जागी. ‘आवाज बंदच असतो.’ पंखा चालूच असतो म्हणावं तसं हे तुम्ही लिहून टाकलंत, आणि त्यावरून आईला रस नाही असा निकालही दिलात.

ज्याला रस नाही ते माणूस सकाळपासून रात्रीपर्यंत एका जागी बसून बघेल का? तुम्ही शिक्षक आहात. वर्गातलं एखादं पोर दिवसभर फळ्याकडे टक लावून बसलंय आणि विचारलेल्या एकाही प्रश्नाचं उत्तर देत नाही, तर त्याला अभ्यासात रस नाही असं म्हणून पुढे जाल? त्याला पुढच्या बाकावर आणाल. डोळे, कान तपासून आणायला सांगाल. मग आईच्या बाबतीत हे का सुचलं नाही?

ती काय बघते तेही तुम्हीच लिहिलंय: लोकल चॅनल आणि बातम्या. ॲपवर आता हव्या तेवढ्या मालिका आहेत, पण त्या तिने मागितल्या नाहीत. बातम्या आणि लोकल चॅनल या दोन्हींत सारखं काय असतं? पडद्याच्या तळाशी सरकणारी पट्टी. कोण वारलं, अंत्ययात्रा कुठून निघणार, द्वारदर्शन कधी, गंधमुक्ती कुठल्या तारखेला, पाणी कोणत्या भागात किती वाजता सोडणार, कुठल्या वारी कोणता डॉक्टर गावात येणार. तुमची आई टीव्ही वाचते, भाऊ. दिवसभर त्या घरात तिच्यापर्यंत नीट पोचणारा शब्द एवढाच, कारण तो लिहिलेला असतो. आणि तोच बंद करू का, असं तुम्ही मला विचारताय.

मी डॉक्टर नाही. पण तुमच्या आईला ऐकू कमी येतंय, आणि हे काही आजकालचं नाही, असं मी ठामपणे म्हणते. तसं म्हणायला कारणंही तुमच्या पत्रातच आहेत.

माझ्याशी बोलते, सुनेला नि नातीला उत्तर देत नाही, असं तुम्ही लिहिता. वयानुसार ऐकणं कमी होतं तेव्हा बहुतेकांचे उंच पट्टीतले आवाज आधी जातात. पुरुषाचा भरडा आवाज त्यातल्या त्यात पोचतो, बायकांचा नि मुलांचा बारीक आवाज निसटतो. शब्दातही तेच होतं. आ, ऊ, ओ असे स्वर दणदणीत असतात, ते कानात शिरतात. क, त, प, स, श ही व्यंजनं हलकी, ती गळून पडतात. समोरचा ‘कापूस’ म्हणतो आणि ऐकणाऱ्याला ‘पाऊस’ वाटतो. म्हणून अशी माणसं ‘ऐकू येत नाही’ म्हणतच नाहीत. ‘ऐकू येतं गं, पण काय बोलतात ते समजत नाही, हल्ली सगळे पुटपुटतात’ असं म्हणतात. स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी, वर पंखा, बाहेर रिक्षा, त्यात भांडी घासता घासता पाठमोऱ्या सुनेने हाक मारली तर काय पोचणार? आणि त्याचं तुमच्या घरात सासू-सुनेचं भांडण झालंय. तुमच्या पत्नीने हे वाचावं. त्या दुखावल्या असतील, पण सासू मुद्दाम बोलत नाही हा आरोप त्यांनी आजपासून मागे घ्यावा.

आता त्या ‘हो हो, काढ’कडे या. घरातल्या एवढ्या मोठ्या प्रश्नाचा एका वाक्यात निकाल लागला म्हणून तुम्हाला बरं वाटलं असेल. तिने प्रश्न तरी ऐकला होता का? ज्यांना ऐकू येत नाही त्यांना ‘हो हो’ फार कामाला येतं. ‘काय म्हणालास?’ असं तिसऱ्यांदा विचारलं की समोरच्याच्या कपाळावर आठी पडते, आणि ती आठी कमी ऐकणाऱ्याला सगळ्यात आधी दिसते. त्यापेक्षा हो म्हणून मोकळं व्हावं.

माझी एक आत्या पारोळ्याला होती. अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आम्ही सगळ्या माहेरवाशिणी जमलो की झोक्यावर गाणी चालायची. ती सुरुवातीला पुढे असायची, पुढे पुढे ओट्यावर बसून राहायला लागली. गाण्याची ओळ चुकायची, बोललेल्याला भलतंच उत्तर यायचं. आम्ही हसलो. मीही हसले, हे लिहिताना आज लाज वाटते. पुढे तिला गर्विष्ठ ठरवलं, मग भ्रमिष्ट ठरवलं. कान दाखवावेत हे चार वर्षं कुणाला सुचलं नाही. मशीन लागलं त्या दिवशी तिने पहिल्यांदा विचारलं ते असं, «हा आवाज कसला?» बाहेर निंबाच्या झाडावर पोपट ओरडत होते. चार वर्षं ते तिच्या लेखी नव्हतेच. ती चार वर्षं मला अजून बोचतात, म्हणून तुमच्याशी थोडं कडक बोलते.

तर, आवाज कुणी बंद केला? तुमच्या घरी मी नव्हते, पण कसं झालं असेल ते दिसतं. आधी तिने आवाज वाढवला असेल. दहावीचं वर्ष असलेल्या घरात जूनपासूनच रिमोटवर सगळ्यांचा डोळा असतो. कुणीतरी ओरडलं असेल, ‘आजी, आवाज!’ तिने कमी केला. कमी आवाजात तिला अर्धवट, तुटकं ऐकू येणार आणि ते जुळवता जुळवता डोकं शिणणार. त्यापेक्षा पूर्ण बंद बरा. नातीच्या अभ्यासाला त्रास नाही, कुणाची बोलणी नाहीत. घरातल्या चौघांची सोय तिने एकटीने पाहिली, आणि तुम्हाला ती रस नसल्याची खूण वाटली.

सुरतच्या ताईंनाही सांगा. त्यांचा राग खरा असेल, पण त्या फोनवर आईशी बोलत असणारच. ‘बरी आहे, बरी आहे, घे भावाशी बोल’ म्हणून आई फोन तुमच्या हातात देते का, हे त्यांनी आठवून बघावं. विरंगुळ्यावरून भावाला बोलणं सोपं आहे. चार दिवस येऊन आईसमोर बसणं जास्त उपयोगाचं.

आता काय करायचं ते ऐका. याच आठवड्यात, शाळेची एक रजा टाकून, आईला कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे न्या. अमळनेरला सोय नसेल तर धुळ्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात न्या, नाहीतर जळगावच्या. दोन्हीकडे हा विभाग आहे. डॉक्टर आधी कानात डोकावतील. कधी कधी नुसता मळ घट्ट बसलेला असतो आणि तो काढल्यावर निम्मं काम होतं. तोवर कुणाच्या सांगण्यावरून कानात कोमट तेल ओतू नका. मग ऑडिओमेट्री करायला सांगा. शांत खोलीत कानाला हेडफोन लावतात, बारीक-मोठे आवाज सोडतात, ऐकू आला की बटण दाबायचं. दुखत नाही, टोचत नाही. कोणत्या पट्टीतलं किती ऐकू येतं त्याचा आलेख हातात मिळतो. तो आलेख पत्नीला आणि मुलीलाही दाखवा. सून बोलते ती पट्टी त्यावर कुठे पडते, हे डॉक्टरांना बोट ठेवून दाखवायला सांगा. घरातल्या निम्म्या कुरबुरी तिथेच थांबतील.

मशीन लागेल असं डॉक्टर म्हणाले तर ते या तपासणीवरूनच घ्या. गावोगाव फिरून विकणाऱ्याकडून उचलू नका. पहिल्या काही आठवड्यांत आई ते काढून डबीत ठेवेल, कारण एकदम भांडी, पंखा, चपला सगळंच आदळायला लागतं. त्या वेळी ‘एवढे पैसे घातले’ असं म्हणायचं नाही. रोज थोडा वेळ, शांत खोलीत, एकाच माणसाशी बोलताना लावायचं आणि हळूहळू वेळ वाढवायचा.

हे टाळू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या सांगण्यानुसार साठीच्या पुढच्या दर चार माणसांत एकाहून जास्त जणांचं ऐकणं त्रास होण्याइतकं कमी झालेलं असतं. आणि स्मृतिभ्रंशाची जी कारणं वेळेवर लक्ष दिलं तर टाळता येतात किंवा कमी करता येतात, त्यांच्या यादीत डॉक्टर मंडळी उपचार न केलेला बहिरेपणा वरच धरतात. माणूस बोलण्यातून बाहेर पडला की मनाने घरातूनच बाहेर पडत जातो.

(हे वाचणाऱ्या ज्यांच्या घरी पैशांची ओढाताण आहे त्यांच्यासाठी: राज्य सरकारची मुख्यमंत्री वयोश्री योजना आहे. वय 65 पूर्ण आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 2 लाखांच्या आत असेल तर अशा साधनांसाठी एकदा 3,000 रुपये बँकेत जमा होतात. समाजकल्याण कार्यालयात चौकशी करा.)

राहिली केबल. तिचं फार मनावर घेऊ नका. 1 फेब्रुवारी 2019 पासून ट्रायच्या (दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या) नियमाने वाहिन्या ग्राहकाने निवडायच्या आहेत. तेव्हा मूळ शुल्काची मर्यादा 130 रुपये अधिक 18 टक्के जीएसटी, म्हणजे 153 रुपये 40 पैसे होती. 2024 मध्ये ही मर्यादा उठली, म्हणून आजचा आकडा तुमच्या केबलवाल्यालाच विचारा. पण 350 मधला मोठा वाटा सशुल्क वाहिन्यांच्या पॅकेजचा असणार: खेळ, सिनेमे, मुलांची कार्टूनं. ते तुमच्याकडे आता कोणीच बघत नाही. ते पॅकेज काढा. लोकल चॅनल, सह्याद्री आणि मोफत प्रसारित होणाऱ्या बातम्या ठेवा. कुणी डीडी फ्री डिश सुचवेल. तिला महिन्याचं भाडं नाही, सह्याद्री दिसते, पण तुमच्या गावच्या केबलवाल्याचं लोकल चॅनल त्यावर येणार नाही, ॲपवरही बहुधा नाही. वैशाखात सखाराम महाराजांचा रथ निघतो, बोरीच्या पात्रात यात्रा भरते, तेव्हा कोण कोण दिसलं हे आईला त्याच चॅनलवर कळतं. पैसे वाचवायचे तर एका ॲपची वर्गणी कमी करा.

तपासणीचा दिवस येईपर्यंत एक काम आज रात्रीपासून सुरू करा. जेवण झालं की सगळ्यांचे मोबाइल बाजूला ठेवा, टीव्ही बंद करा आणि आईच्या समोर बसा. शेजारी नको, समोर. दिव्याचा उजेड तुमच्या तोंडावर पडू द्या, म्हणजे ओठ दिसतील. ओरडू नका, ओरडलं की शब्द फाटतात. सावकाश, नेहमीच्या आवाजात विचारा, «माय, जेवनी का व?» पट्टीवर आज काय काय वाचलं तेही विचारा. गावात कोण गेलं, कुणाचं लग्न ठरलं, पाणी कधी येणार, यातलं तिला तुमच्यापेक्षा जास्त ठाऊक असेल. सांगू द्या. दुसऱ्या दिवशी त्या जागी मुलीला बसवा, तिसऱ्या दिवशी पत्नीला.

डॉक्टरांनी काय सांगितलं ते मला कळवा. आणि वसुलीला येणाऱ्या केबलच्या पोराला या महिन्याचे पैसे देऊन टाका.

– तुमची ताई