प्रोसेस केलं म्हणजे मॅन्युफॅक्चर्ड झालं असं नसतं हो

पत्र वडिलांचं आहे, सव्वातीन पानी. मुलगी बी.एस्सी. केमिस्ट्रीच्या शेवटच्या वर्षाला आहे. सुट्टीत दोन महिने एका तंबाखू एक्सपोर्ट करणाऱ्या कंपनीत इंटर्नशिप केली, तिथे डॉक्युमेंटेशनच्या टेबलावर बसता बसता तिला कस्टम्स क्लासिफिकेशन, म्हणजे कस्टम्सच्या यादीतला नेमका कोड मालाला लावायचं काम, आवडायला लागलं आणि आता तेच करायचं म्हणते. वडील लिहितात, "हे नुसतं कोड टाकायचं काम आहे, ऑपरेटरचं, आणि तेही तंबाखूचं. तिने एसएससीचे, म्हणजे सरकारी नोकरीच्या स्टाफ सिलेक्शनचे, दोन अटेम्प्ट द्यावेत असं आमचं ठरलंय. तिचा रिपोर्ट ओळखीच्या एका जीएसटी कन्सल्टंटना दाखवला, त्यात कोडच चुकलाय म्हणाले. सोबत जोडलाय, तुम्हीच बघा आणि तिला समजावा." सगळ्यात खाली, वेगळ्या शाईत, मुलीच्या दोन ओळी: "मला फक्त तंबाखूच्याच क्लासिफिकेशनमध्ये करिअर करायचंय. सुरुवात कुठून करू?"

नमस्कार,

बघितला रिपोर्ट. मुलगी बरोबर आहे, तुमचे कन्सल्टंट चुकलेत.

हे आधी सांगून टाकलं कारण तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त खटकलं ते हेच. मार्क चांगले आहेत, कोर्सची काही अडचण नाही, पण तुम्ही पोरीचा रिपोर्ट तिला न विचारता बाहेर नेऊन दाखवला, त्यावर लाल पेनने गोल करून आणला आणि तो कागद घरात पुरावा म्हणून वापरताय की बघ तुला हे जमत नाही. आणि "आमचं ठरलंय" म्हणजे नक्की कोणाचं हो? तिने स्वतः लिहिलेल्या ओळी दोन आहेत, त्याही तुमची सही झाल्यावर उरलेल्या जागेत. एकवीस वर्षांची मुलगी दोन महिने गोडाऊन आणि ऑफिसमध्ये जाऊन, माल हातात घेऊन, स्वतः निष्कर्ष काढून अकरा पानं लिहिते, त्यावर घरातला पहिला प्रश्न "काय शिकलीस" असा हवा होता. तुम्ही विचारलंत "बरोबर आहे का", आणि तेसुद्धा तिला नाही, तिसऱ्याच माणसाला. दोन वेळा असं झालं की मूल घरी काही दाखवायचंच बंद करतं, आणि मग आईवडील मला लिहितात की ती आमच्याशी बोलत नाही.

आता त्या लाल गोलाबद्दल. तिने लिहिलंय थ्रेशिंग करून मधली शीर काढलेली, परत वाळवून कार्टनमध्ये भरलेली पानं 2401.20 मध्ये जातात, आणि कन्सल्टंट म्हणतात माल प्रोसेस झालाय, म्हणजे मॅन्युफॅक्चर्ड झाला, म्हणून 2403. हा गैरसमज खूप लोकांना असतो, ह्या धंद्यात असलेल्यांनासुद्धा. टॅरिफच्या, म्हणजे कस्टम्सच्या कोड आणि दरांच्या यादीच्या, 24 व्या चॅप्टरमध्ये चार आकडी कोड आहेत, त्यांना हेडिंग म्हणतात. 2401 म्हणजे अनमॅन्युफॅक्चर्ड तंबाखू आणि तंबाखूचा कचरा, 2402 म्हणजे सिगार सिगारेट वगैरे, 2403 म्हणजे बाकीचा तयार तंबाखू. अनमॅन्युफॅक्चर्ड म्हटलं की आपल्याला वाटतं शेतातून तोडून आणलेलं पान, पण वर्ल्ड कस्टम्स ऑर्गनायझेशनच्या एक्सप्लनेटरी नोट्समध्ये त्या हेडिंगखाली क्युअर केलेली, आंबवलेली, शीर काढलेली, तोडलेली, कापलेली पानं सगळी धरलीत, इतकंच काय, बुरशी लागू नये, पान कोरडं पडू नये आणि वास टिकावा म्हणून जे द्रावण मारतात, ज्याला केसिंग म्हणतात, ते मारलेली मिश्र पानंसुद्धा 2401 मध्येच राहतात. रेषा आहे ती "ओढायला तयार" इथे. बारीक कापून सिगारेटमध्ये भरण्याजोगा झालेला तंबाखू 2403 मध्ये गेला. चुरा आणि धूळ एकत्र करून कागदासारखी शीट बनवतात ती 2403.91, कारण तिथे पान उरलंच नाही, नवीन वस्तू तयार झाली. म्हणजे मशीनमधून किती वेळा काढलं हा प्रश्नच नाही, बाहेर आलं ते काय आहे हा प्रश्न आहे. कन्सल्टंटांचा घोळ कुठे झाला असेल तेही सांगतो. जीएसटीच्या यादीत "तंबाखूची पानं" ह्याची एक छोटी व्याख्या दिली होती आणि त्यात न बसणारा माल जास्त दराखाली ढकलला जायचा, त्यावर भांडणंही भरपूर झाली. पण दर बदलला तरी हेडिंग 2401 च होतं. दर वेगळा म्हणजे हेडिंग वेगळं असं धरून चालले ते.

म्हणून हे ऑपरेटरचं काम नाही. 2011 पासून आपल्याकडे सेल्फ असेसमेंट आहे, बिल ऑफ एंट्रीत, म्हणजे आयातीच्या वेळी कस्टम्सला द्यायच्या कागदात, कोड आणि ड्युटी इम्पोर्टरने स्वतःच ठरवून भरायची, आणि ड्युटी कमी भरली गेली तर कस्टम्स दोन वर्षांपर्यंत मागे जाऊन फरक आणि व्याज मागतं, मुद्दाम लपवल्याचं सिद्ध झालं तर पाच वर्षांपर्यंत, वर पेनल्टी. एक्सपोर्टमध्येही ड्रॉबॅक, म्हणजे भरलेल्या ड्युटीचा परतावा, मिळणार की नाही, किती, ते त्याच कोडवर. गूगलवर माल टाकून कोड शोधणारे ढिगाने आहेत, नोटिशीला उत्तर लिहिता येणारे फार थोडे.

एसएससीच्या सीजीएल ह्या पदवीधरांच्या परीक्षेतून कस्टम्सचा एक्झामिनर होता येतं, यूपीएससीतून आयआरएस म्हणजे महसूल सेवेतला अधिकारी, खाजगीत कस्टम्स ब्रोकरकडे, म्हणजे दुसऱ्यांचा माल कस्टम्समधून सोडवून देणाऱ्याकडे, लागून जी कार्ड (ब्रोकरच्या परीक्षा पास झालेल्या माणसाला मिळणारं) आणि मग लायसन्सची परीक्षा. तुम्ही एसएससीचा आग्रह धरलाय तो वाईट नाही, गंमत म्हणजे तो रस्तासुद्धा ह्याच टेबलावर येतो, फक्त सरकारी बाजूने. फॉर्म भरायचा तर तिने भरावा, पण तिचं आत्ताचं काम थांबवून नको.

आणि "तंबाखूचं काम" म्हणून नाक मुरडलंत त्याबद्दल. मलाही तंबाखूचं प्रेम नाही. पण क्लासिफिकेशन करणारा माल विकत नाही, तो माल काय आहे ते सांगतो, आणि ज्याला हे पान नीट लावता येतं त्याला उद्या रसायनं, प्लॅस्टिक, औषधं काहीही लावता येतं, अर्थात अभ्यास करून.

आता मुलीशी. "फक्त तंबाखूच" हा हट्ट सोड. चोवीसावा चॅप्टर सगळा मिळून चार हेडिंगचा आहे, त्यातलं 2404 तर 2022 मध्ये आलं, न जाळता ओढायच्या आणि निकोटिनच्या वस्तूंसाठी. सुरुवातीला हे बरं, करिअरला अपुरं. तू केमिस्ट्रीची आहेस, मला तर वाटतं तुझी जागा 28, 29, 38, 39 ह्या रसायनं आणि प्लॅस्टिकच्या चॅप्टर्समध्ये आहे, तिथे कॉमर्सवाले अडतात आणि मालात काय आहे हे वाचता येणारं माणूस लागतं. कस्टम्सच्या स्वतःच्या लॅब आहेत, मुख्य दिल्लीत, सेंट्रल रेव्हेन्यूज कंट्रोल लॅबोरेटरी, वादातल्या मालाचे नमुने तिथे तपासले जातात. एम.एस्सी. करायचा विचार असेल तर हा रस्ता डोक्यात ठेव, जागा मोजक्याच निघतात. बी.एस्सी. झाल्यावर वर्षभर एखाद्या ब्रोकरकडे बस, पण असा बघ ज्याच्याकडे वेगवेगळा माल येतो. इंटरप्रिटेशनचे, म्हणजे कुठला माल कुठल्या हेडिंगखाली जातो ते ठरवायचे, सहा नियम पाठ नको करूस, प्रत्येक नियमाला तू स्वतः हाताळलेल्या मालाचं एक एक उदाहरण लिही. मुंबई आणि दिल्लीच्या अॅडव्हान्स रुलिंग ऑथॉरिटीचे, म्हणजे मालाचा कोड आधीच विचारून घेता येतो त्या कस्टम्सच्या प्राधिकरणाचे, आदेश वाच, दोन्ही बाजू काय म्हणाल्या आणि शेवटी काय धरलं हे एकाच कागदात मिळतं.

रिपोर्टमध्ये एक चूक मात्र खरंच आहे, ती लाल पेनला दिसली नाही. पान नऊवर थ्रेशिंगमधून वेगळे निघालेले देठ आणि धूळसुद्धा तू 2401.20 मध्येच टाकलेत. पान गेलं, उरलं ते रिफ्यूज, म्हणजे कचरा, 2401.30. एकाच मशीनमधून दोन माल निघतात आणि दोघांचा कोड वेगळा असतो. तेवढं दुरुस्त कर आणि पुढचं पत्र तू लिही, बाबांनी खाली दोन ओळी लिहिल्या तरी चालेल.