ताट बाजूला ठेव, वही हातात घे

बाळा, अनेक आशीर्वाद.

बाबांच्या कॅन्सरवरची केमो थांबवली म्हणजे डॉक्टरांनी हात टेकले, असं तू लिहितोस. उपचार संपलेले नाहीत, त्यांचं काम बदललं आहे. इतके दिवस सगळं गाठीभोवती फिरत होतं. आता दुखणं, धाप, उलटी, झोप यांच्याकडे बघायचं, आणि त्यातलं बरंचसं घरीच, तुमच्या हातून होणार आहे.

घरात रोज जेवणावरून रडारड होते ना? आई ताट घेऊन बसते, बाबा तोंड फिरवतात, मग तुझा आवाज चढतो. अरे, बाबा केवळ खात नाहीत म्हणून खंगत नाहीयेत. या टप्प्यावर आजार भूक मारतो आणि कोंबलेलं अन्न अंगी लागत नाही. उलट ठसका लागतो, उलटी होते. आधी टॉर्च लावून तोंडात बघ. जिभेवर पांढरा थर असेल, फोड असतील तर डॉक्टरांना सांग. बुरशीवर साधं औषध असतं. तसं काही नसेल तर मऊ भाताचे दोन चमचे, ताक, कोकम सरबत, ते मागतील ते आणि मागतील तेव्हा. आईला हे पटवणं सर्वांत कठीण. तिनं आयुष्यभर माया ताटातूनच वाढली. तिला दुसरं काही करू दे: हातापायांना हलकं तेल लावणं, ओठ ओले करणं, शेजारी बसून पेपर वाचून दाखवणं.

मॉर्फिनच्या गोळ्या 'अगदीच असह्य झालं तर' म्हणून कपाटात ठेवल्यास, हे वाचून मात्र मी रागावले. मॉर्फिन अफूपासून बनतं, आणि शेजारच्या काकांना अफू म्हटलं की व्यसन आठवतं. दुखण्यासाठी, डॉक्टरांनी सांगितलेल्या मापात घेणाऱ्याची गोष्ट वेगळी. तुमच्याकडची साधी गोळी दर चार तासांची आहे. ती घड्याळाप्रमाणेच द्यायची, दुखणं उफाळण्याची वाट बघायची नाही. पहिले काही दिवस मळमळेल, गुंगी येईल, ते सहसा ओसरतं. बद्धकोष्ठ मात्र ओसरत नाही, म्हणून पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासून सोबत हवं. बाबा फारच गुंगीत गेले, बरळू लागले तर लगेच फोन कर. 2014 मध्ये अमली पदार्थांचा कायदा अशा औषधांसाठी सुटसुटीत झाला, तरी ही गोळी कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये मिळत नाही. संपायच्या आठवडाभर आधी सोय बघ.

एक वही कर. वेळ, गोळी, दुखणं दहापैकी किती, शौचाला झाली का. एवढंच.

दुबईचा दादा रोज नवं औषध शोधून पाठवतो, त्यावर चिडू नकोस. लांबच्या माणसाला हात रिकामे असल्याचा त्रास होतो. विम्याची कागदपत्रं आणि रात्रीच्या आयाचे पैसे त्याच्याकडे दे. आया येईल त्या रात्री तू दुसऱ्या खोलीत झोप. दार लावून.

आणि 'सुटावं एकदाचं' हे मनात आलं म्हणून स्वतःला राक्षस म्हणू नकोस. महिनोन्‌महिने उशाशी बसणाऱ्या बहुतेकांच्या मनात ते येतं, फक्त कुणी बोलत नाही. बाबांना आजाराचं नाव सांगायचं नाही असं तुम्ही ठरवलंत. मला ते पटत नाही. त्यांनाच विचार, "तुम्हाला काय वाटतंय?" सगळं माहीत असूनही तुमच्यासाठी गप्प बसलेले पुरुष मी खूप पाहिलेत.

घरी झेपेनासं झालं तर अशा रुग्णांचा त्रास कमी करणारं पुण्यातलं वारज्याचं सिपला केंद्र 1997 पासून आहे. पैसे घेत नाहीत, घरच्यांनाही सेवा शिकवतात. मुंबईत वांद्र्याचं शांती आवेदना सदनही अशाच रुग्णांसाठी, 1986 चं. तिथे नेणं म्हणजे टाकून देणं, असं आत्या म्हणेल. म्हणू दे. तिला एक रात्र बसव.

सोमवारी डॉक्टरांकडे जाताना वही ने. गोळी किती वाढवायची ते त्यावरूनच ठरवतील. आणि शौचाचं आधी विचार, लाजून राहून जातं.

तुझी,
मावशी