मुलाची साक्ष आईने लिहायची नसते

ताई,

तुमचं तीन पानी पत्र मिळालं. तुम्ही मिरजेच्या. चर्चच्या मंडळीत संडे स्कूल घेता. मुलगा यंदा बारावी सायन्स 61 टक्क्यांनी पास झाला. तो नऊ महिन्यांचा असताना न्यूमोनियाने हातचा जायची वेळ आली होती, तेव्हा तुम्ही नवस केलात की हा वाचला तर देवाच्या सेवेला देईन. आता एका लहान सेमिनरीचा, म्हणजे पाळक घडवणाऱ्या धर्मशास्त्राच्या कॉलेजचा, फॉर्म आणून ठेवलाय आणि मुलगा म्हणतो, नर्सिंग करायचंय. त्याला मी समजवावं, असं तुमचं म्हणणं.

मार्कांची मला अजिबात काळजी वाटली नाही. काळजी वाटली ती दुसऱ्या पानावरच्या एका ओळीने: 'साक्ष मी लिहून ठेवली आहे, तो फक्त सही करत नाही.'

सेमिनरीच्या अर्जासोबत उमेदवाराने स्वतःची साक्ष द्यायची असते. या कामासाठी देवाने मला बोलावलंय हे केव्हा कळलं, कसं कळलं, मनात काय शंका होत्या, हे त्याने स्वतःच्या शब्दांत लिहायचं. तो कागद तुम्ही लिहिलात, 'मी' म्हणून, आणि तो मुलासमोर ठेवलात. त्याने सही केली नाही याला तुम्ही हट्ट म्हणता. माझ्या मते या सगळ्या प्रकरणात देवाचं भय त्यानेच बाळगलंय. जे त्याच्या आयुष्यात घडलेलंच नाही ते घडलं असं तो लिहून देत नाही. त्याचा हा गुण मोडू नका.

तुम्ही बायबलमधल्या हन्नाचं, शमुवेल संदेष्ट्याच्या आईचं, उदाहरण दिलंय. तिने नवस केला, शमुवेलचं दूध तुटल्यावर त्याला मंदिरात नेऊन दिलं, हे खरं. पण गोष्ट तिथे संपत नाही. रात्री हाक आली ती शमुवेलला, त्याच्या नावाने. त्याला वाटलं मंदिरातला म्हातारा याजक एलीच बोलावतोय, म्हणून तीनदा उठून धावत गेला. एलीने त्याला हाक ओळखायला शिकवलं, उत्तर मात्र त्याच्या वतीने दिलं नाही. हन्ना तर तिथे नव्हतीच. आणि त्याच पुस्तकात एलीचे दोन मुलगे आहेत, केवळ घराण्यामुळे याजक झालेले. लोकांनी अर्पणासाठी आणलेलं मांस दांडगाईने काढून घेणारे. संडे स्कूलमध्ये तुम्ही या दोन्ही गोष्टी शिकवत असाल. त्या शेजारी शेजारी ठेवून एकदा वाचा. नवस तुमचा होता, तो तुमच्या पदरचं देऊन फेडायचा.

तुमचं माहेर साताऱ्याचं, म्हणून कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांचाही उल्लेख आलाय. शेवटच्या काळात ते साताऱ्यात राहिले, 'देवाचा दरबार' तिथलाच. पण 1895 मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो कर्तेपणी, घरच्यांचा विरोध सोसून. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा झाला 1900 मध्ये, त्यांना स्वतःला पटल्यावर. टिळक एवढी वर्षं थांबले. तुम्हाला तीन आठवडे थांबवत नाहीये, कारण फॉर्मची मुदत संपतेय.

आता पत्रातलं सगळ्यात चुकीचं वाक्य: 'मार्क बेताचेच आहेत, सेमिनरीत निभून जाईल.' हा गैरसमज आपल्याकडे फार पसरलाय. सेमिनरी म्हणजे प्रार्थना, गाणी आणि थोडं बायबल, असं लोक धरून चालतात. सेरामपूरचं सेनेट म्हणजे धर्मशास्त्राच्या पदव्या देणारी संस्था; तिची बी.डी., म्हणजे बॅचलर ऑफ डिव्हिनिटी, पदवीनंतर चार वर्षांची आहे. ग्रीक, हिब्रू, चर्चचा इतिहास, नीतिशास्त्र, इतर धर्मांचा अभ्यास, प्रवचन, समुपदेशन, वर मंडळ्यांमध्ये प्रत्यक्ष काम. पुण्याच्या युनियन बिब्लिकल सेमिनरीसारख्या ठिकाणी हे सगळं इंग्रजीतून. मन नसलेल्या मुलाला यातून रेटून पार करता येत नाही. समजा केलंच पार, तर पुढे भोगणार ती मंडळी. रात्री दोन वाजता मयताच्या घरून फोन येतो, तेव्हा पाळकाला कुणाच्या तरी नवसापायी उठून जाता येत नाही.

नर्सिंगचं थोडक्यात: जीवशास्त्र आहे, त्यामुळे जीएनएम हा डिप्लोमा तीन वर्षं किंवा बी.एस्सी. चार वर्षं, दोन्ही वाटा मोकळ्या आहेत. बी.एस्सी.ला सीईटी लागते. कॉलेजला नर्सिंग कौन्सिलची मान्यता आहे ना, एवढं बघा. मिरज दवाखान्यांचं गाव, तिथल्या मुलाला याहून जास्त सांगायला नको. 'रुग्णसेवा हीसुद्धा देवाचीच सेवा' असं म्हणून मी तुमची समजूत घालणार नाही. तसं म्हटलं की त्याचं नर्सिंगही तुमच्या नवसाच्या खात्यात जमा होईल. त्याला ते आवडतं, एवढं कारण पुरेसं आहे.

पण तुमचं पत्र मी दुसऱ्या कारणासाठीही जपून ठेवलंय. तीन पानांत मुलाच्या आवडीनिवडीला एक ओळ आहे. बायबलमधल्या रोमकरांस पत्रावर मात्र दीड पान, आणि ते मन लावून लिहिलंय. कृपा आणि कर्म यांबद्दलचा तुमचा प्रश्न कुठल्याही सेमिनरीच्या वर्गात तासभर चालेल असा आहे. ताई, धर्मशास्त्र शिकायची ओढ या घरात कुणाला असेल तर ती तुम्हाला आहे. वय 44, बारावी झालेली, मुलगा आता स्वतःच्या मार्गाला लागेल. घरी राहून बाहेरून करता येण्यासारखे डिप्लोमा आणि पदवीचे अभ्यासक्रम सेरामपूरच्या सेनेटकडे आहेत. चर्च ऑफ नॉर्थ इंडियात स्त्रियांना पाळकपदाची दीक्षाही मिळते, पण तो पुढचा विचार. आधी शिकायला तर लागा.

त्या लहान सेमिनरीत आता स्वतःसाठी चौकशी करा. सेनेटशी संलग्न आहे का? फक्त एशिया थिऑलॉजिकल असोसिएशन या सेमिनरींच्या संघटनेची मान्यता असेल तर मंडळीच्या कामाला तिथली पदवी उपयोगी पडते, पण विद्यापीठाची पदवी म्हणून बी.एड.ला किंवा एमपीएससीला चालेल असं धरू नका. ग्रंथालय बघा, कोण काय शिकवतं ते विचारा, उत्तरं मराठीत लिहिता येतात का तेही विचारा. फी आणि जेवणखाण फुकट आहे एवढ्यावर भुलू नका.

आणि मुलासाठी लिहिलेला तो कागद त्याच्यासमोर फाडून टाका.