लिथियम बॅटरी जुन्याच वायरिंगवर बसवली तर चालेल का?

तुमच्या प्रश्नाचा सारांश असा: बोटीतल्या 12 व्होल्टच्या दोन लेड-ॲसिड काढायच्या, जागी 200 अँपिअर-अवरची 'ड्रॉप-इन' लिथियम ठेवायची, 2000 वॅटचा इन्व्हर्टर (बॅटरीच्या विजेवर घरगुती उपकरणं चालवणारा) चालवायचा आणि बाकी कशाला हात लावायचा नाही. नाही चालणार. 'ड्रॉप-इन' हा विकणाऱ्यांचा शब्द आहे आणि डब्याचं माप जुळतं एवढ्यापुरताच तो खरा.

आधी अल्टरनेटर, म्हणजे इंजिनावर फिरून बॅटरी भरणारा जनित्र, बघा. लेड-ॲसिड भरत आली की करंट आपोआप कमी घेते. लिथियम आयर्न फॉस्फेट या प्रकारच्या लिथियम बॅटरीचा अंतर्गत रोध फारच कमी, त्यामुळे ती जवळपास पूर्ण भरेपर्यंत मिळेल तेवढा करंट ओढत राहते. इंजिन आयडलिंगला असतं तेव्हा अल्टरनेटरचा पंखा हळू फिरतो, इंजिनरूम आधीच तापलेली असते आणि लोड मात्र पूर्ण. असा जळालेला अल्टरनेटर उघडला की स्टेटरच्या वाइंडिंगवरचं वार्निश काळंठिक्कर दिसतं, डायोडजवळचं सोल्डर वितळून ओघळलेलं असतं. मग 'पीसच खराब होता' म्हणून नवा बसवतात आणि तोही जातो. पीस चांगलाच होता हो, जोडणी चुकली होती.

दुसरा घोटाळा बीएमएसचा, म्हणजे बॅटरीच्या आत सेलवर लक्ष ठेवणाऱ्या संरक्षक सर्किटचा. एखादा सेल 3.65 व्होल्टच्या वर गेला की ते बॅटरीची जोडणी तोडतं, आणि तोडायलाच हवी. पण अल्टरनेटर फिरतोच आहे. करंटला जायला वाट नाही, व्होल्टेज क्षणात उसळतं आणि डायोड उडतात. त्याच लाइनवर व्हीएचएफ (बोटीचा रेडिओ) आणि जीपीएस असतील तर तेही जाऊ शकतात.

उपाय साधा आहे. इंजिन स्टार्टसाठी एक लेड-ॲसिड राहू द्या, अल्टरनेटर तिलाच जोडा, तिथून लिथियमला डीसी-टू-डीसी चार्जर (एका बॅटरीतून दुसरी ठरावीक करंटने भरणारा) द्या. तो अल्टरनेटरच्या क्षमतेच्या निम्म्याहून मोठा घेऊ नका. 80 अँपिअरच्या अल्टरनेटरला 30 अँपिअरचा पुरे. चार्जिंग 14.2 ते 14.4 व्होल्ट, फ्लोट (भरल्यानंतर टिकवायचं व्होल्टेज) 13.5, इक्वलायझेशन (लेड-ॲसिडसाठीचं मुद्दाम जास्त व्होल्टेजचं चार्जिंग) बंद. हीच सेटिंग किनाऱ्यावरच्या चार्जरला आणि सोलर कंट्रोलरलाही करा. ती दोन हमखास विसरली जातात. शून्य अंशाखाली चार्जिंग नाही. किती शिल्लक आहे ते व्होल्टेजवरून कळणार नाही, शंट (आत-बाहेर जाणारा करंट मोजणारा) लावा.

फ्यूजवरून तर दर वेळी वाद होतो. '200 अँपिअर लिहिलंय ना, झालं!' नाही झालं. शॉर्ट झाला की लिथियम हजारो अँपिअर सोडते, आणि तो करंट तोडण्याची ताकद नसलेल्या फ्यूजमध्ये तार वितळली तरी आर्क चालूच राहतो. क्लास-टी फ्यूज 20,000 अँपिअरपर्यंत तोडतो, म्हणून तोच. बॅटरीपासून वायरच्या लांबीने 7 इंचांच्या आत, रेटिंग केबलच्या क्षमतेपेक्षा जास्त नको, आणि समांतर जोडलेल्या प्रत्येक बॅटरीला वेगळा.

'स्टँडर्ड म्हणजे काय कायदा आहे का?' असंही ऐकवतात. एबीवायसी या अमेरिकी बोट-मानक संस्थेचं लिथियम बॅटरींसाठीचं ई-13 (2022) ऐच्छिकच आहे, कबूल. पण बोट तपासणारे सर्वेयर आणि विमावाले तेच उघडून बसतात. त्यातलं एक कलम तर अगदी व्यवहाराचं: बीएमएस बंद होण्याआधी चालवणाऱ्याला इशारा मिळाला पाहिजे, आणि वीज गेल्याने धोका होईल अशा उपकरणांना दुसरा पुरवठा हवा. म्हणजे नेव्हिगेशन दिवे, व्हीएचएफ आणि बिल्ज पंप (तळातलं पाणी उपसणारा) एकट्या लिथियमच्या भरवशावर नकोत. बॅटरी हलकी झाली म्हणून पट्टा ढिला ठेवू नका. कुठल्याही दिशेला एक इंचापेक्षा जास्त हलता कामा नये.

इन्व्हर्टरचं म्हणाल तर 2000 वॅटला 180 अँपिअरच्या आसपास लागतात. बीएमएसचा सलग करंट लेबलवर बघा. 100 लिहिलं असेल तर विषय संपला.

हे सगळं लिथियम आयर्न फॉस्फेट आणि इनबोर्ड (बोटीच्या आत बसवलेलं) इंजिन धरून लिहिलंय. छोट्या आउटबोर्डची (बोटीमागे बाहेर लावलेल्या इंजिनाची) चार्जिंग कॉइल मुळात कमी अँपिअरची, तिथे तापण्याचा मुद्दा तितका लागू नाही. बीएमएसने मध्येच तोडलं तर रेक्टिफायर (कॉइलच्या एसीचा डीसी करणारा भाग) मात्र तिथलाही जातो.